तिच्या खोडीही सांगा

प्रश्न : ताई, काही महिन्यांपूर्वी आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये तीन रंगांची एक मांजरी आली. तिच्या मागच्या पायाला मोठी जखम होती. मी तिला वर आणलं, उपचार केले, लसी दिल्या, नसबंदीही करून घेतली. डॉक्टर म्हणतात, वय 3 वर्षांच्या आसपास असेल. माझ्याकडे आधीपासून एक म्हातारा बोका आहे. मी बरेच प्रयत्न केले, पण दोघांचं पटत नाही आणि तो आता खायचाही कमी झालाय. म्हणून हिच्यासाठी घर शोधतेय. दोन घरं पुढे आली आहेत. एक जोडपं आहे, त्यांचं घर मोठं, 4 वर्षांची मुलगी, आजच न्यायला तयार. दुसरे एक निवृत्त गृहस्थ, लहानशा घरात एकटेच राहतात आणि फोन करकरून खूप प्रश्न विचारतात. मांजरी रात्री माझ्या मांडीवर येऊन झोपते, पण पोटाला हात लागला की चावते. शेजारची मुलं आली की कपाटावर चढून फिस्कारत बसते. हे मी अजून दोन्ही घरांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर कुणीच नेणार नाही अशी भीती वाटते. आमच्या घरातले सगळे म्हणतात मोठ्या घरात दे. काय करू?

उत्तर : आधी ते न सांगितलेलं सांगून टाका, दोन्ही घरांना आणि आजच्या आज. दत्तक दिलेली मांजरं परत येतात त्याचं मोठं कारण माझ्या पाहण्यात हेच आहे. जाहिरातीत 'अतिशय प्रेमळ, सगळ्यांशी जमवून घेते' असं लिहिलेलं असतं आणि घरी गेल्यावर वेगळंच मांजर निघतं. मग ते आठवडाभरात परत येतं. आणि परत आलेलं मांजर आधीपेक्षा जास्त बिथरलेलं असतं, त्याला पुढचं घर मिळणं आणखी अवघड होतं.

मात्र नुसतं 'चावते' असं सांगू नका, ती माहिती अर्धवट आहे. कधी चावते, त्याआधी काय करते, हे दोन दिवस नीट बघा. बहुतेक मांजरं चावण्याआधी सांगतात: शेपटीचं टोक आपटायला लागतं, कान बाजूला वळतात, पाठीची कातडी थरथरते, घुरघुर एकदम बंद होते. त्या क्षणी हात काढून घेतला तर पुढे काही होत नाही. असं असेल तर तसंच सांगा: 'मांडीवर येते, डोकं आणि हनुवटी खाजवून घेते, पोटाला हात लावू देत नाही, शेपटी आपटली की थांबायचं.' हे वाचून योग्य माणूस पळून जाणार नाही. उलट त्याला आता कळेल की हिच्याशी वागायचं कसं. एक मात्र करा, तो पाय पूर्ण बरा झालाय ना आणि दात ठीक आहेत ना, हे डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या. दुखत असेल तरी मांजर चावतं, आणि ते दुखणं नव्या माणसाच्या माथी जाऊ नये.

आता दोन घरांबद्दल. मोठं घर ही माणसाची आवड आहे. मांजराला किती चौरस फूट याच्याशी फार देणंघेणं नसतं. त्याला उंचावर बसायला एखादी जागा, लपायला कोपरा, खिडकी, आणि अंदाज बांधता येईल असा दिवस हवा असतो. तुमच्या मांजरीने मुलांविषयी तिचं मत कपाटावर चढून स्पष्ट दिलेलं आहे. 4 वर्षांच्या मुलीला 'पोटाला हात लावू नको' हे रोज, प्रत्येक वेळी आठवेल अशी अपेक्षा ठेवणं त्या मुलीवरही अन्याय आहे. उद्या तिच्या गालावर बोचकारलं गेलं तर दोष मांजरीला लागेल आणि घर तिचंच जाईल. ते जोडपं मनाने चांगलंच असणार. त्यांना मुलांमध्ये वाढलेलं, धीट, उचलून घेतलं तरी अंग सैल सोडणारं मांजर सुचवा. अशी मांजरंही घराची वाट बघत असतात.

त्या गृहस्थांचे प्रश्न तुम्हाला जाचक वाटताहेत, मला ते ऐकून बरं वाटलं. जो माणूस लिटर बॉक्स (मांजराची शी-शूची पेटी) कुठे ठेवू, आजारी पडली तर कुणाकडे नेऊ, असं विचारतो त्याच्या डोक्यात ती मांजरी आधीच राहायला आलेली असते. तरी तुम्हीही त्यांना विचारा. घरात ठेवलेलं मांजर 15 वर्षं सहज जगतं, म्हणजे हिची अजून दहा-बारा वर्षं धरायची. ते आजारी पडले किंवा बाहेरगावी गेले तर कोण बघेल? भाड्याचं घर असेल तर मालकाची परवानगी आहे का? खिडक्यांना जाळी आहे का? जाळी नसेल तर ती बसल्यावरच मांजरी द्यायची, यावर अडून राहा. मांजर कधी पडत नाही हा समज खोटा आहे. पक्ष्यामागे उडी मारून वरच्या मजल्यांवरून पडलेली मांजरं डॉक्टरांकडे नेहमी येतात. अशा चौकशीत उद्धटपणा काही नाही, संकोच करू नका.

त्यांना एकदा तुमच्या घरी बोलवा आणि तेव्हा मांजरीकडे कमी, माणसाकडे जास्त बघा. आल्या आल्या उचलायला वाकतात, की खाली बसून तिला येऊ देतात? ती नाहीच आली तर हिरमुसतात, की 'असू दे, नंतर येईल' म्हणतात? मी घर ठरवताना याला सगळ्यात जास्त वजन देते.

देताना लसींचे कागद, नसबंदीचा कागद, सध्याचं खाणं किमान आठवडाभर पुरेल इतकं, तिच्या सवयीचं लिटर (त्या पेटीत घालायची वाळू) आणि ती झोपते ते न धुतलेलं पांघरूण द्या. ते धुवायचा मोह होईल, धुवू नका, तिच्या ओळखीचा वास तेवढाच तिच्यासोबत जाणार आहे. कॅरिअरमधूनच, म्हणजे मांजर नेण्याच्या बंद पेटीतूनच द्या, हातात धरून कधीच नाही. आणि लेखी ठरवून घ्या: कधीही, कोणत्याही कारणाने ठेवणं जमलं नाही तर मांजरी तुमच्याकडेच परत येईल, परस्पर तिसऱ्याला जाणार नाही.

प्रश्न : आम्ही सुटका केलेला एक बोका दत्तक घेतला. आधी सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या की तो फार लाघवी आहे. आमच्याकडे आल्यापासून चार दिवस पलंगाखालून बाहेर येत नाही. आमची फसवणूक झाली का? परत करावा का?

उत्तर : फसवणूक नाही. तुमच्या घरातला प्रत्येक वास आणि आवाज त्याला परका आहे, आणि घाबरलेलं मांजर लपतं. लपून राहिल्याची काळजी करू नका, खाण्यावर मात्र लक्ष ठेवा. रात्री सगळे झोपल्यावर वाटी रिकामी होत असेल आणि लिटर बॉक्स वापरला जात असेल, तर सगळं ठीक चाललंय. मात्र पूर्ण एक दिवस त्याने तोंडात काहीच घेतलं नसेल तर डॉक्टरांना फोन करा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साठत जाते आणि त्यातून जीव जाऊ शकतो. जाड मांजरांना हा धोका जास्त. बोका आहे म्हणून आणखी एक: लिटर बॉक्समध्ये वारंवार बसतोय, जोर करतोय, पण लघवी होत नाही असं दिसलं तर अर्ध्या रात्रीही दवाखाना गाठा. बोक्यांची मूत्रनलिका अरुंद असते, ती तुंबली तर एक-दोन दिवसांत प्राणावर बेततं.

बाकी काम संयमाचं. पूर्ण घर मोकळं न ठेवता त्याला एकच खोली द्या. खाणं आणि लिटर एकमेकांपासून लांब ठेवा. पलंगाखाली हात घालून ओढू नका, तीच त्याची एकमेव सुरक्षित जागा आहे. रोज ठरलेल्या वेळी त्या खोलीत जमिनीवर बसा, त्याच्याकडे टक लावून न बघता हळू आवाजात वर्तमानपत्र वाचा. नजरानजर झालीच तर डोळे सावकाश मिटून उघडा. मांजरं निवांत असली की असंच करतात, आणि बरीच मांजरं त्याला तसंच उत्तरही देतात. पहिल्यांदा तो येईल तो तुमची बोटं हुंगून परत जाईल. तेवढंच होऊ द्या. काही मांजरांना यासाठी आठवडे लागतात, काहींना महिने. त्या बाईंना फोन करून विचारा की तिथे तो कोणत्या वेळी, कुणाजवळ जाऊन बसायचा. लाघवी असल्याचं त्यांनी सांगितलं ते मला तरी खरं वाटतं.

प्रश्न : मी सांभाळत असलेल्या 5 वर्षांच्या बोक्याची एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू) चाचणी पॉझिटिव्ह आली. 'मांजरांचा एड्स' म्हणून कुणी घर द्यायला तयार नाही.

उत्तर : त्या नावानेच या मांजरांचं फार नुकसान केलंय. हा विषाणू माणसाला होत नाही, कुत्र्याला होत नाही. मांजरांमध्ये तो मुख्यतः मारामारीतल्या खोल चाव्यातून पसरतो, म्हणून रस्त्यावरच्या, नसबंदी न झालेल्या बोक्यांमध्ये जास्त आढळतो. नसबंदी झालेला, घरातच राहणारा असा बोका अनेक वर्षं अगदी नेहमीसारखा जगू शकतो. दुसरं मांजर नसलेलं घर शोधा, किंवा जिथलं मांजर शांत आहे आणि मारामारीची शक्यता नाही असं. नेणाऱ्यांना सांगा की वर्षातून दोनदा तपासणी लागेल, हिरड्यांकडे लक्ष द्यावं लागेल, साधी सर्दीही अंगावर काढायची नाही आणि त्याला बाहेर सोडायचं नाही. चाचणीचा कागद जाहिरातीच्या फोटोंबरोबरच लावा, आणि पहिला फोटो त्याचा उन्हात पसरून झोपलेला असू द्या.