लाइफटाइम कोणाचा? ‘आजीव’, ‘तहहयात’ आणि जुन्या टीव्होची वर्गणी

न्यू जर्सीतले एक वाचक तिथल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी अमेरिकेतल्या आपल्या सुरुवातीच्या वर्षांच्या आठवणी लिहीत आहेत. त्यांच्या लेखात एक वाक्य आहे: ‘२००६ साली मी एका अनोळखी माणसाची आजीव वर्गणी विकत घेतली आणि ती माझ्या नव्या व्हिडिओ रेकॉर्डरवर हस्तांतरित केली.’ संपादकबाईंनी ‘आजीव’ खाली रेघ मारली आणि समासात लिहिले, ‘दुसऱ्याचे आजीव आपल्याला विकत कसे घेता येईल?’ आता आजीव, आजीवन, तहहयात की कायमची, यांतले काय लिहावे आणि ‘हस्तांतरित’ तरी बरोबर आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

बाईंची रेघ अगदी योग्य जागी पडली आहे. मूळ घोळ मात्र लेखकाचा नाही, तो ‘लाइफटाइम’ या शब्दात आहे. लाइफ कोणाची, हे तो शब्द सांगत नाही. मराठीत आणताना आपल्याला ते ठरवावे लागते, आणि ठरवायचे तर आधी ती वस्तू नीट पाहावी लागते.

वस्तू म्हणजे टीव्हो. कॅलिफोर्नियातल्या याच नावाच्या कंपनीने १९९९ मध्ये बाजारात आणलेले हे यंत्र टीव्हीवरचे कार्यक्रम कॅसेटऐवजी हार्ड डिस्कवर साठवून ठेवी. त्याला कार्यक्रमांची पुढच्या दिवसांची वेळापत्रके लागत. ती आणण्यासाठी यंत्र सुरुवातीच्या काळात घरच्या टेलिफोनच्या तारेवरून स्वतःच फोन लावी. या वेळापत्रकांसाठी वर्गणी होती. ती दरमहा भरा किंवा एकदाच मोठी रक्कम भरून मोकळे व्हा. एकरकमी वर्गणीचे नाव ‘लाइफटाइम’. सुरुवातीला ती १९९ डॉलरला होती, पुढे २९९ पर्यंत गेली.

ही लाइफटाइम माणसाची नव्हती, यंत्राची होती. कंपनीच्या अटींत हे स्वच्छ लिहिलेले असे. यंत्र विकले तर वर्गणी त्याच्याबरोबर नव्या मालकाकडे जाई. तुम्ही दुसरे यंत्र घेतलेत तर त्याची वर्गणी वेगळी. हार्ड डिस्क बिघडून नवी बसवली तरी वर्गणी टिके, कारण ती यंत्राच्या मुख्य बोर्डातल्या क्रमांकाशी जोडलेली होती. गोष्टीतल्या राक्षसाचा प्राण सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असतो, तसा या वर्गणीचा प्राण त्या क्रमांकात. म्हणूनच लाइफटाइम असलेला जुना टीव्हो हा तसाच पण लाइफटाइम नसलेल्या टीव्होपेक्षा कितीतरी महाग विकला जाई. गिऱ्हाईक पैसे मोजत होते ते वर्गणीसाठी. तिच्याबरोबर यंत्र घरी येत होते, इतकेच.

२००६ च्या मार्चमध्ये कंपनीने नवी लाइफटाइम विकणे थांबवले. सप्टेंबरात हाय डेफिनिशनचे नवे मॉडेल आले, सीरीज थ्री, किंमत ७९९ डॉलर. जुन्या गिऱ्हाइकांना काही काळापुरती सवलत मिळाली: १९९ डॉलर भरा आणि जुन्या यंत्रावरची लाइफटाइम नव्यावर न्या. ज्यांच्याकडे लाइफटाइम नव्हती त्यांची नजर मग साहजिकच दुसऱ्यांच्या जुन्या यंत्रांकडे वळली. आपल्या वाचकांचे वाक्य याच दिवसांतले आहे.

आता शब्द.

‘आजीवन’ आणि ‘आजीव’ यांतला ‘आ’ हा संस्कृत उपसर्ग ‘पासून’ही सांगतो आणि ‘पर्यंत’ही. ‘आजन्म’ म्हणजे जन्मापासून. ‘आमरण’ म्हणजे मरेपर्यंत. ‘पर्यंत’मध्येही दोन छटा आहेत, ती मर्यादा धरून आणि ती सोडून. पाणिनीने त्यांना अभिविधी आणि मर्यादा अशी नावे देऊन एका छोट्या सूत्रात बसवले आहे. इतका बारीक विचार ज्या उपसर्गामागे आहे तो वापरताना ‘कशापर्यंत’ हे आपल्या मनात स्पष्ट हवे. ‘आजीव’मध्ये उत्तर आहे ‘जीव असेपर्यंत’, आणि मराठी कानाला तो जीव माणसाचाच वाटतो. शिवाय संस्कृतात ‘आजीव’चा दुसरा अर्थ उपजीविका असा आहे. बुद्धाच्या अष्टांगिक मार्गातला ‘सम्यक आजीव’ तो हाच. ज्यांच्या घरात तो शब्द रोजचा आहे त्यांना ‘आजीव वर्गणी’ क्षणभर अडखळवते, असे मला एका मित्राने सांगितले होते. तेव्हापासून मी शक्यतो ‘आजीवन’ लिहितो.

‘तहहयात’ मला मनापासून आवडणारा शब्द. फारसी ‘ता’ म्हणजे पर्यंत, अरबी ‘हयात’ म्हणजे जीवन. मराठीत येताना ‘ता’चे ‘तह’ झाले. लढाईनंतरच्या तहाशी त्याचा संबंध नाही. हा शब्द कागदपत्रांत वाढलेला, त्यामुळे त्याच्या मागेपुढे माणूस नेमका उभा असतो. मृत्युपत्रात लिहितात, ‘सदर घरात माझ्या पत्नीस तहहयात राहण्याचा हक्क राहील.’ कोणाची हयात, याबद्दल शंका उरत नाही.

जुन्या कागदांचे हे वैशिष्ट्यच आहे. ताम्रपटात दान ‘आचंद्रार्क’ दिलेले असे, म्हणजे चंद्रसूर्य आहेत तोवर. इनाम ‘पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने’ असे. एखाद्यापुरतेच असेल तर ‘तहहयात’. तीन वेगळी मापे, तीन वेगळे शब्द. लेखनिकाने माप लिहिले नाही तर पुढच्या तीन पिढ्या भांडतील, हे त्याला ठाऊक होते.

छापील मासिकांच्या काळात ही शिस्त सैल झाली. माझ्या वडिलांनी एका मासिकाची आजीव वर्गणी भरली होती. मासिकाच्या पहिल्या पानावर बारीक अक्षरांत ‘आजीव म्हणजे १५ वर्षे’ असे छापलेले असे, ते घरात कोणी वाचले नव्हते. पंधरा वर्षांनी पत्र आले तेव्हा वडील ठणठणीत होते. त्यांनी पुन्हा आजीव वर्गणी भरली. ते गेल्यानंतरही अंक त्यांच्याच नावाने येत राहिला. आईने नाव बदलू दिले नाही. दर महिन्याला पोस्टमन वडिलांचे नाव मोठ्याने घेई आणि ती ‘हो’ म्हणून अंक घ्यायला दारात जाई. पुढे मासिकच बंद पडले. म्हणजे पहिल्या खेपेला ‘आजीव’चे माप तळटिपेतली पंधरा वर्षे होती, दुसऱ्या खेपेला मासिकाचे स्वतःचे आयुष्य. वडिलांचे आयुष्य दोन्ही वेळा माप ठरले नाही.

‘जन्मठेप’चेही असेच. ती चौदा वर्षांची, असे लोक सर्रास बोलतात. कायद्यात ती उरलेल्या सगळ्या आयुष्याची आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच ते स्पष्ट केले आहे. सरकारने सूट दिली तर माणूस लवकर सुटतो, पण शब्दाचा अर्थ त्याने बदलत नाही.

आपल्याकडे मोबाइल कंपन्यांनी २००५ संपता संपता ‘लाइफटाइम’ प्रीपेड योजना काढल्या, ९९९ रुपयांच्या, ते अनेकांना आठवत असेल. तिथे लाइफ ना गिऱ्हाइकाची होती ना हँडसेटची. दूरसंचार नियामकाने सांगितले की ती कंपनीच्या परवान्याची मुदत. परवान्यालाही हयात असते, हे आपल्याला तेव्हा कळले.

टीव्होच्या सर्वांत जवळचा मराठी अनुभव मला आरटीओत सापडतो. महाराष्ट्रात खाजगी गाडी घेताना एकरकमी कर भरतात. तो गाडीचा कर. गाडी विकली की नव्या मालकाला तो पुन्हा भरावा लागत नाही. गाडी दुसऱ्या राज्यात कायमची नेली तर मात्र तिथे नव्याने भरा आणि इथल्या परताव्यासाठी अर्ज करा. यात ‘आजीव’ची भानगडच नाही. ‘एकरकमी’ या शब्दाने पैसे कसे भरले एवढेच सांगितले, किती काळ ते नियमांवर सोपवले. टीव्होच्या वर्गणीलाही ‘एकरकमी वर्गणी’ म्हणता येईल आणि ते चुकीचे होणार नाही. पण लेखात नेमकी तिची टिकाऊ बाजू सांगायची आहे, म्हणून इथे ते अपुरे पडते.

‘कायमची’ तर नकोच. ब्रिटनमध्ये टीव्हो २००० मध्ये आला. तिथे लाइफटाइम १९९ पौंडांना होती. १ जून २०११ ला कंपनीने त्या यंत्रांची सेवा थांबवली. यंत्रे धडधाकट होती, डिस्का फिरत होत्या, वेळापत्रके तेवढी यायची थांबली. अमेरिकेतल्या पहिल्या पिढीच्या यंत्रांवर हीच वेळ २०१६ च्या सप्टेंबरअखेर आली. यंत्राच्या हयातीलाही सेवेच्या हयातीचे कुंपण होते.

म्हणून माझा कौल: ‘यंत्राच्या हयातीची वर्गणी’. ‘हयात’ हा शब्द निर्जीव वस्तूला चालतो का, असा प्रश्न येईल. चालतो. जुन्या वाड्याबद्दल ‘त्याची हयात संपली’ असे म्हटलेले मी ऐकले आहे. आणि या यंत्राच्या बाबतीत तो जास्तच शोभतो. पेन्शनर दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीचा दाखला देतात. टीव्होही फोन लावून आपला क्रमांक सांगे आणि पुढची वेळापत्रके घेई. दाखला दिल्यावर पेन्शन, तसेच.

आता ‘हस्तांतरित’. वाक्यात दोन घटना आहेत आणि इंग्रजीत दोन्हींना ‘ट्रान्स्फर’ म्हणतात. पहिली: जुने यंत्र वर्गणीसकट अनोळखी माणसाकडून आपल्या वाचकांकडे आले आणि कंपनीच्या दप्तरात त्यांच्या नावावर झाले. हात बदलला, म्हणजे हे खरे हस्तांतर. दुसरी: तीच वर्गणी एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर गेली. हात तोच, शरीर वेगळे. हा परकायाप्रवेश आहे, त्याला हस्तांतर म्हणता येत नाही. बँकेत खाते एका शाखेतून दुसऱ्या शाखेत ‘वर्ग’ होते, खटला एका न्यायालयातून दुसऱ्यात ‘वर्ग’ होतो. अर्थाने हा शब्द अचूक बसतो. पण ‘वर्गणी वर्ग केली’ हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहा, जीभ अडते. तेव्हा सातबाऱ्याकडून शब्द घ्यावा. जमिनीवर वारसाचे नाव ‘चढते’. तशी वर्गणी नव्या यंत्रावर ‘चढवून घेतली’. ‘घेतली’ महत्त्वाचे, कारण ते काम कंपनीच्या हातचे होते, आणि तिने त्याचे १९९ डॉलर वेगळे घेतले. मुंबईत पागडीची खोली दुसऱ्याच्या नावावर होताना घरमालक आपला वाटा घेतो, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा व्यवहार लगेच उमजेल. लेखात पागडीचा उल्लेख केलात तर मुंबईकर वाचकांसाठी पाऊण परिच्छेदाचे स्पष्टीकरण वाचेल.

राहिला ‘सेकंडहँड’. तो बिनदिक्कत लिहा. ‘जुना’ म्हटले की वय कळते, ‘वापरलेला’ म्हटले की झीज कळते. कोणाच्या तरी हातून आलेला, हे ‘सेकंडहँड’च सांगतो. गाड्यांपासून पुस्तकांपर्यंत मराठी माणूस तोच शब्द बोलतो. फक्त ‘सेकंडहँड वर्गणी’ लिहू नका, यंत्राला तो शब्द लावा. वर्गणी झिजत नाही. किंबहुना ती झिजत नव्हती म्हणूनच ही सगळी खरेदी झाली.

तर वाक्य असे करता येईल:

‘२००६ साली मी एका अनोळखी माणसाकडून सेकंडहँड टीव्हो घेतला. मला तो नको होता. मला हवी होती त्याच्यावरची वर्गणी, जी यंत्राच्या हयातीची होती, मालकाच्या नव्हे. कंपनीला १९९ डॉलर देऊन ती मी माझ्या नव्या यंत्रावर चढवून घेतली.’

एका वाक्याची चार झाली, याला संपादकबाई हरकत घेतील असे वाटत नाही. घेतलीच, तर दुसरे वाक्य काढा. तिसऱ्यातला ‘मालकाच्या नव्हे’ हा तुकडा मात्र राहू द्या, कारण समासातल्या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे.