जखम कोरडी, तरी पोटाकडे लक्ष

प्रश्न : माझ्या सोळा वर्षांच्या मुलाचं अपेंडिक्स फुटलं होतं. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, शिरेतून अँटिबायोटिक दिली आणि घरी सोडताना औषध बंदच केलं. पोटात एवढा पू होता, मग इतक्यात बंद कसं? मी त्याच गोळ्या आठवडाभर देऊ का? टाके रोज स्पिरिटने पुसते.

उत्तर : ताई, गोळ्या देऊ नका आणि स्पिरिट कपाटात ठेवा. स्पिरिटने नवी कातडी जळते, बाकी काही साधत नाही. साधं पाणी, साबण आणि हळूच टिपून कोरडं करणं पुरे. बेंबीजवळचा टाका मात्र रोज नीट बघा. अपेंडिक्स बहुतेक वेळा तिथूनच बाहेर काढतात, त्यामुळे चिघळलाच तर आधी तो चिघळतो.

पू काढून टाकला की निम्मी लढाई सर्जननेच जिंकलेली असते. पोटातल्या अशा संसर्गावर 2015 साली 518 रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. पू काढल्यावर सुमारे 4 दिवस औषध घेतलेले आणि त्याच्या दुप्पट दिवस घेतलेले, दोघांत पुन्हा संसर्ग होण्याचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. वाढीव गोळ्यांनी जुलाब मात्र नक्की लागू शकतात.

खरी काळजी टाक्यांची नाही, आतली आहे. उरलेला पू ओटीपोटात, गुदाशयाला लागून साठतो, आणि तो बहुधा पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात बोलू लागतो. मुलगा घटकेघटकेला संडासला पळतो, होतं थोडंसंच, चिकट, आणि पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही. घरचे म्हणतात, अपचन झालं. जुलाब थांबवायची गोळी देतात, दोन दिवस वाया जातात. हे मी पुष्कळदा पाहिलंय, म्हणून सांगतेय.

ताप पॅरासिटामॉल देण्याआधी मोजा. नंतर मोजलेला आकडा फसवतो. ताप 38 अंश सेल्सिअसच्या वर गेला, भूक येऊन परत गेली, पोट फुगलं, उलट्या झाल्या किंवा टाक्यातून पू आला, तर फोनवर विचारत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनमध्ये पू दिसतो. छोटा असेल तर औषधाने जिरतो, मोठा असेल तर बाहेरून नळी घालून काढतात. पुन्हा पोट उघडायची वेळ क्वचितच येते. जाताना डिस्चार्ज कार्ड बरोबर घ्या, आधी कोणती औषधं झाली ते त्यावरच असतं.