ट्रायल चालू असताना निकाल बघून पेशंटचं वाटप बदलणं जास्त नैतिक नाही का?

एक औषध सरस दिसू लागलं की पुढच्या पेशंटना तेच मिळण्याची शक्यता वाढवत न्यावी, निम्मे-निम्मे वाटप म्हणजे निर्दयपणा, असं तुम्ही म्हणता. दोनच उपचारांची तुलना असेल तर मला हे साफ अमान्य आहे.

लहान मुलांच्या न्यूमोनियाच्या एका ट्रायलमध्ये मी संख्याशास्त्रज्ञ होते. प्रोटोकॉलच्या मीटिंगमध्ये प्रमुख डॉक्टर याच पद्धतीसाठी अडून बसले. पालकांची संमती पटकन मिळते, हा त्यांचा मुद्दा. मी म्हटलं, सर, पावसाळ्यात येणारी मुलं आणि जानेवारीत येणारी मुलं सारखी नसतात. वाटप हळूहळू नव्या औषधाकडे झुकलं तर जुन्याच्या खात्यात पावसाळा जमा होणार आणि नव्याच्या खात्यात हिवाळा. मग आपण औषध मोजलं की ऋतू? उत्तर आलं, "मॅडम, तुम्ही आकडे बघता, आम्ही पोरं बघतो." शेवटी १:१, म्हणजे निम्मे-निम्मे वाटप ठरलं, पण ते वाक्य मला अजून लागतं.

पोरांचंच बोलू. मिशिगनमध्ये श्वास निकामी झालेल्या नवजात बाळांवर एक्मोची, म्हणजे शरीराबाहेरच्या यंत्रातून रक्ताला ऑक्सिजन देणाऱ्या उपचाराची ट्रायल झाली, १९८५ साली छापून आली. कोणत्या बाळाला काय द्यायचं हे मडक्यातून गोळा काढून ठरायचं; सुरुवातीला त्यात दोन्ही उपचारांचा एकेक गोळा. जो उपचार यशस्वी होईल, किंवा ज्याच्या समोरचा अपयशी ठरेल, त्याचा गोळा वाढवायचा. पहिलं बाळ एक्मोवर, वाचलं. दुसरं नेहमीच्या उपचारावर, गेलं. तिथून पुढे सगळी एक्मोवर, सगळी वाचली. अकरा विरुद्ध एक! त्या एका बाळावरून कोणाची खात्री पटणार? मग बोस्टनमध्ये पुन्हा ट्रायल झाली, तिथे नेहमीच्या उपचारावरची दहापैकी सहा बाळं वाचली. वाद मिटेना. शेवटी ब्रिटनमध्ये १८५ बाळं निम्मी-निम्मी वाटली: एक्मोवर ९३ पैकी ३० दगावली, दुसरीकडे ९२ पैकी ५४. भरती मुदतीआधीच थांबवली आणि १९९६ साली प्रश्न निकालात निघाला. मिशिगनमध्येच समसमान वाटप करून पुरेशी बाळं घेतली असती, तर किती बाळांना नंतरच्या ट्रायलमधून जावं लागलं नसतं? ज्या ट्रायलवर कोणी विश्वास ठेवत नाही, तिची किंमत पुढच्या ट्रायलमधली मुलं मोजतात. हे आकडे म्हणजे पोरंच आहेत, सर.

तेव्हा १:१ ठेवा, थांबण्याचे नियम आधी लिहा, मधले निकाल तपासणारी स्वतंत्र डेटा मॉनिटरिंग कमिटी नेमा. औषध खरंच सरस असेल तर ती ट्रायल थांबवेल.

हां, एकाच वेळी चार-पाच उपचार तपासायचे असतील तर गोष्ट वेगळी. स्तनाच्या कर्करोगाच्या आय-स्पाय २ या ट्रायलमध्ये, कोविडच्या काळात रीमॅप-कॅप या ट्रायलमध्ये निकाल बघून वाटप बदलण्याची ही पद्धत वापरली गेली, आणि तिथे ती शोभते, कारण तुलनेचा गट राखून निकामी उपचार लवकर गाळता येतात. दोन्ही गटांत वय, आजाराची तीव्रता यांचा समतोल राखणारं मिनिमायझेशनही अडॅप्टिव्हच, म्हणजे वाटप चालू असतानाच जुळवून घेणारं, पण त्यात निकाल बघितले जात नाहीत. ते खुशाल वापरा. आणि तुमच्या आजाराचा निकाल वर्षभराने कळणार असेल तर विषयच संपला. तोवर भरती उरकलेली असते, वाटप बदलणार कोणाचं?