आधी मैत्रिणी, मग भूत

उपनगरातली हलकीफुलकी भयकथा तुम्ही प्रथमच लिहीत आहात, म्हणून आग्रहाने सांगते: भुताआधी मैत्रिणींचा विचार करा. त्यासाठी ग्रेडी हेंड्रिक्स यांची २०२० साली आलेली ‘द सदर्न बुक क्लब्ज गाइड टू स्लेइंग व्हॅम्पायर्स’ ही कादंबरी सावकाश वाचा. साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटनजवळच्या माउंट प्लेझंटमध्ये काही गृहिणी एकत्र जमून खऱ्या खुनांवरची पुस्तके वाचतात, आणि शेजारी राहायला आलेल्या देखण्या पुरुषाचा संशय त्यांच्यातल्या पॅट्रिशियाला येतो. रात्री कचरा टाकायला गेलेल्या पॅट्रिशियावर शेजारची म्हातारी झडप घालून तिच्या कानाचा लचका तोडते, तो प्रसंग नीट पाहा. रोजच्या कचऱ्याच्या डब्यापाशीच भीती उभी असल्यामुळे अंगावर काटा येतो.

माझ्या मते खरा गाभा मात्र त्यापुढे आहे. नवरे बायकांचे म्हणणे उडवून लावतात आणि मग मैत्रिणीही संसाराच्या धास्तीने पॅट्रिशियाचा हात सोडतात, तो दुरावा रक्त पिणाऱ्या कोणत्याही व्हॅम्पायरच्या दातांपेक्षा जास्त झोंबतो. तिच्या सासूची काळजी घेणाऱ्या कृष्णवर्णीय मिसेस ग्रीन यांच्या वस्तीतली मुले दगावत असताना या सुखवस्तू बायका स्वस्थ बसतात, हेही लेखक लपवत नाही. तुमच्या मैत्रिणींनाही सुरुवातीपासून एकजीव दाखवू नका. कोण कोणाकडे मुले ठेवून जाते, कोणाला कोणाचा हेवा वाटतो, कोण घाबरून गप्प बसेल, हे आधी ठरवा. पहिला खर्डा झाला की त्यांचे संवाद मोठ्याने वाचा. नावे झाकली तरी कोण बोलते आहे ते ओळखता आले पाहिजे.