फ्रीस्टाइल : हात मोजताना लय हरवते तेव्हा

प्रश्न : वय ४७. पूर्वी २५ मीटर पोहायला माझे २४ हात (स्ट्रोक) व्हायचे, वेळ ३० सेकंद. 'हात कमी करा' असं ऐकून ते १८ वर आणले. आता ३८ सेकंद लागतात आणि दमही जास्त लागतो. असं का?

उत्तर : तुमचा हात लांबला नाही, तो पुढे जाऊन थांबू लागला. हात ताणून नुसतं सरकत राहिलं की वेग पडतो, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट. मग पडलेला वेग प्रत्येक हाताला नव्याने उचलायचा, दम तिथे जातो. हात आणि सेकंद यांची बेरीज करा : पूर्वी ५४, आता ५६. म्हणजे हात वाचले, पण पोहणं बिघडलं.

कमी हात म्हणजे चांगलं पोहणं, हा समज मला मनापासून खटकतो. उंच, लांब हातांच्या जलतरणपटूचा आकडा आपण का उचलायचा? अमेरिकन जलतरणपटू जॅनेट इव्हान्स उंचीने लहान. हात जवळजवळ सरळ ठेवून भराभर फिरवायची. त्याच शैलीत तिने १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर ४ मिनिटं ३.८५ सेकंदांत जिंकली आणि तो विश्वविक्रम २००६ पर्यंत टिकला.

चार लॅप पोहा : १८, २०, २२, २४ हातांत. प्रत्येक वेळी बेरीज लिहा, आणि धाप किती लागली तेही. धाप कमी असताना बेरीज सर्वांत लहान येईल, तो तुमचा आकडा. पुढचा हात पाण्यात गेला की लगेच बोटं खाली वळवा, कोपर वर राहू द्या. हाताचं पुढे थांबणं आपोआप जातं.

प्रश्न : मी धावपटू आहे. पाय बुडतात, म्हणून जोरात किक मारतो, पण ५० मीटरमध्येच संपतो.

उत्तर : किक नव्हे, आधी डोकं तपासा. छातीत हवा असते, ती तरंगते. मान वर केली की पाय खाली जातात. नजर थेट तळाकडे ठेवा. तोंड पाण्यात असताना श्वास सतत सोडत राहा. कोंडलात तर वर आल्यावर सोडणं आणि घेणं दोन्ही उरकावं लागतं आणि लय तुटते. लांब अंतराला एका हातामागे एक किक पुरे. धावणाऱ्यांचे घोटे ताठ असतात, ते रोज सैल करा.

प्रश्न : उजवा खांदा दुखतो.

उत्तर : अंगठा आधी पाण्यात जातोय का, हात डोक्यासमोर मधली रेघ ओलांडतोय का, ते कुणाला तरी पाहायला सांगा. बोटं आधी, खांद्याच्या रेषेत. दुखणं राहिलं तर पोहणं थांबवून फिजिओथेरपिस्टला दाखवा.

प्रश्न : मालवणच्या चिवला बीचवरच्या सागरी स्पर्धेत उतरायचंय. तलावातली लय चालेल?

उत्तर : जशीच्या तशी नाही. लाटेत लांब सरकणारा हात मध्येच ढकलला जातो. हात थोडे आखूड आणि भरभर ठेवा. दोन्ही बाजूंनी श्वास घ्यायची सवय आत्तापासून लावा, म्हणजे लाट ज्या बाजूने येईल तिच्या उलट तोंड वळवता येईल. दिशा पाहताना फक्त डोळे पाण्याबाहेर काढा, हनुवटी नको.