अमूर्त चित्रावरून कापडाचे थर लावून गोधडी करायची आहे. चित्रातले रंग कापडात कसे जुळवायचे?

रंग जुळवत बसू नका. फोटो हातात घेऊन मी कोल्हापुरात महाद्वार रोडची दुकानं पालथी घातली, हवा तो करडा कुठेच मिळाला नाही.

मूळ चित्र माझ्या थोरल्या भावाचं. पावसाळ्यातला रंकाळा तलाव, पण त्यात ना संध्यामठ ना शालिनी पॅलेस. करडे-निळे पट्टे आणि तळाशी एक तांबूस रेघ. मी ते कापडात करणार म्हटल्यावर दादा म्हणाला, "रंग ओला असतोय, एकमेकांत उतरतोय. कापड कापडच राहतंय. वाकळ झकास होईल, पण चित्र म्हणू नकोस त्याला." वाकळ म्हणजे आमच्याकडची गोधडी. त्याचं बोलणं मला लागलं, अजून लागतं. आमची आजी जुन्या लुगड्याचा तुकडा जमिनीवर ठेवायची, लांब जाऊन बघायची, उचलून दुसरीकडे ठेवायची. टाका घालायच्या आधी अख्खी दुपार यात जायची. ती काय करत होती मग?

शेवटी करडा आजीच्याच निळ्या सुती लुगड्यातून निघाला. त्यावर पांढरी मलमल, वर काळी नेट. तिन्हीत करडं काहीच नाही, पण चार पावलं मागे सरकलं की भरून आलेलं आभाळ. नेट दुहेरी केली की अंधारून येतं. मलमलीच्या कडा दुमडल्या नाहीत, हाताने फाडल्या. सुटे धागे निळ्यावर पसरले आणि दादा म्हणत होता ते उतरणं तिथं आलं. अमूर्त चित्रं काढणारे चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलरने आणि पॅलेट नाईफने रंगाचे थर चढवायचे, उतरवायचे. आम्ही थर शिवतो आणि वरचं कापड कात्रीने कापून खालचं उघडं करतो. यात हलकं काय आहे ते मला कुणीतरी सांगावं.

वाकळीला घालतात तसे कडेपासून आत टाके घालत गेले, तर मध्ये मलमल फुगली. सगळं उसवलं. पातळ कापड असेल तर आधी वीतभर अंतरावर कच्चे टाके घाला, मग मधून बाहेर शिवत जा.

रंगाचं म्हणाल तर मोबाईलवर फोटो काळा-पांढरा करून बघा. रंग थोडा चुकला तरी चालतो, गडद-फिकट चुकलं की चित्र मोडतं.

हो, सुती कापडं आधी धुऊन घ्या. आटतात, रंगही सोडतात. नेटवर गरम इस्त्री नको, वितळते. चित्रकार हयात असेल तर त्याला विचारून करा, विकणार असाल तर नक्कीच.

आणि नाव गोधडीच सांगा. दादाला पटावं म्हणून मी बरीच वर्षं 'कापडी चित्र' म्हणत होते. आता वाकळ म्हणते, आणि चित्रांच्याच भिंतीवर लावते.