पानगळीतली धांदल: लहान मुलांच्या पालकांचे प्रश्न

शाळा-पाळणाघरांचं वेळापत्रक नव्याने बसत असतं, दिवस आखडत जातात, गरम कपडे बाहेर निघतात आणि घरातलं कुणी ना कुणी शिंकत असतं. या मोसमात येणाऱ्या प्रश्नांपैकी निम्मे तरी आजारपणाचे असतात, म्हणून सुरुवात तिथूनच.

मुलगी तीन वर्षांची. सप्टेंबरपासून पाळणाघरात जाते आणि तेव्हापासून सर्दी पाठ सोडत नाही. हिची प्रतिकारशक्ती कमी आहे का? आणि घरी नेमकं कधी ठेवायचं?

पाळणाघरात नव्याने जाणाऱ्या मुलाला वर्षाला सहा ते आठ सर्द्या होणं अगदी नेहमीचं आहे. काहींना दहा-बाराही होतात. त्या वर्षभर सारख्या वाटल्या जात नाहीत, बहुतेक पानगळ ते वसंत या काळातच येतात. एक सर्दी सात ते दहा दिवस चालते आणि मागचा खोकला तीन आठवड्यांपर्यंत रेंगाळतो. त्यामुळे एकीची शेपटी आणि दुसरीचं तोंड जुळतं आणि मूल सतत आजारी आहे असं वाटतं. दोन सर्द्यांच्या मध्ये ती नीट खाते, खेळते आणि वजन वाढतंय, तर प्रतिकारशक्तीची काळजी नको. वजन वाढत नसेल किंवा न्यूमोनियासारखे गंभीर संसर्ग पुन्हा पुन्हा होत असतील, तर मात्र तपासणी हवी.

शेंबूड हिरवा झाला म्हणून अँटिबायोटिक मागू नका. साध्या विषाणूच्या सर्दीतही तो चौथ्या-पाचव्या दिवशी दाट आणि पिवळा-हिरवा होतो. डॉक्टरांकडे जायचं ते दहा दिवसांनंतरही उतार नसेल, बरं वाटल्यावर पुन्हा ताप चढला असेल किंवा कान दुखत असेल तर. श्वास जोरजोरात चालतोय, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय किंवा मूल पाणीही पीत नाही, अशा वेळी सकाळपर्यंत थांबू नका.

नुसतं नाक वाहतंय पण मूल हुशारीत आहे, तर पाठवायला हरकत नाही. ताप 38 अंश सेल्सिअस किंवा जास्त असेल, तर औषध न देता पूर्ण 24 तास ताप नसला की मग पाठवा. उलट्या-जुलाब झाले असतील तर शेवटच्या वेळेपासून 48 तास घरी. पाळणाघराचा नियम याहून कडक असेल तर तोच पाळायचा. सकाळी तापाचं औषध पाजून मुलाला सोडून येणं हा मोह टाळा: चार-सहा तासांत असर उतरतो, दुपारी फोन येतो आणि तोवर तीच सर्दी आणखी चार घरी पोचलेली असते.

उलट्या-जुलाबाच्या साथीत आणखी एक गोष्ट. सॅनिटायझरवर विसंबू नका. उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूवर तो फारसा चालत नाही. साबण लावून 20 सेकंद हात चोळून धुणं, विशेषतः डायपर बदलल्यावर, हेच कामाचं.

पॅरासिटामॉल वयावरून द्यायचं की वजनावरून? घरात तीन बाटल्या आहेत आणि तिन्हींवर वेगळे आकडे.

वजनावरून. एका वेळी दर किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार तास, 24 तासांत जास्तीत जास्त चार डोस. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका.

आकडे वेगळे दिसतात कारण औषधाची तीव्रता वेगळी असते, आणि खरा धोका तिथेच आहे. 12 किलोच्या मुलासाठी वरची मर्यादा 180 मिलिग्रॅम. पाच मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे त्यासाठी साडेसात मिलिलिटर लागतात. 250 वाल्याचे 3.6 मिलिलिटर, आणि एका मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम असलेल्या थेंबांचे फक्त 1.8 मिलिलिटर. मध्यरात्री कुणी सवयीने साडेसात मिलिलिटर थेंब पाजले, तर पोटात 750 मिलिग्रॅम जातात, म्हणजे चौपटीहून जास्त. यावर उपाय साधा आहे: घरात एकाच तीव्रतेची एकच बाटली ठेवा, बाकीच्या काढून टाका. बाटलीवर मुलाचं वजन, मिलिलिटर आणि तारीख लिहून चिकटवा. वजन वाढलं की चिठ्ठी बदला. मोजायला सिरिंज, स्वयंपाकघरातला चमचा नव्हे. दिलेल्या डोसाची वेळ दोघांनाही दिसेल अशा जागी लिहा, नाहीतर आईने दिलेला डोस बाबा अर्ध्या तासात पुन्हा देतात. सर्दीच्या मिश्र सिरपमध्येही बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतं, ते वेगळं मोजलंच जात नाही.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश ताप असेल तर घरी औषध देऊन वाट पाहायची नाही, लगेच दवाखाना. ऍस्पिरिन मुलांना स्वतःहून कधीच देऊ नका.

थंडी सुरू झाली की गाडीतल्या सीटचे पट्टे जाड जॅकेटवरून लावावे लागतात. चालतं ना?

नाही. जॅकेटमधला कापूस किंवा पिसं धडकेच्या क्षणी दबतात आणि तितकीच ढील पट्ट्यात येते. घरी करून बघा: जॅकेटसकट मुलाला बसवून पट्टे घट्ट करा, मग पट्टे सैल न करता बकल काढून मुलाला उचला, जॅकेट उतरवा आणि परत त्याच पट्ट्यात बसवा. जी पोकळी दिसेल ती पाहून कुणालाही समजवावं लागत नाही.

मुलाला फक्त पातळ फ्लीस (मऊ उबदार कापडाचं जॅकेट) किंवा स्वेटर घालून बसवा, पट्टे ओढा आणि गळ्याजवळच्या हाडापाशी पट्टा दोन बोटांत चिमटून पाहा. पट्ट्याची घडी चिमटीत येत असेल तर अजून सैल आहे. मग जॅकेट उलटं, म्हणजे हात पुढून बाह्यांत घालून, पट्ट्यांवर चढवा किंवा पांघरूण घाला. गाडी तापली की ते काढता येतं, हा वरचा फायदा. ऊब पाहायची ती मानेच्या मागे हात लावून. मुलांचे हात-पाय ऊब पुरेशी असतानाही गार लागतात.

घड्याळं एक तास मागे गेली की दोन वर्षांचा मुलगा पहाटे पाचला उठून बसतो. काय करावं?

त्याच्या शरीराला सहाच वाजलेले असतात. हिवाळ्यासाठी घड्याळं मागे घेण्याचा हा बदल युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो, अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. त्याच्या सहा दिवस आधीपासून रोज दहा मिनिटं सगळं पुढे ढकला. सगळं म्हणजे जेवण, दुपारची झोप, अंघोळ आणि रात्रीची झोपही. पालक फक्त रात्रीची झोप ढकलतात, जेवण मात्र जुन्याच वेळी. पोट पहाटे पाचला उठवतं.

बदल होऊन गेला असेल तरी हीच पद्धत, फक्त आठवडाभर उशिरा. संध्याकाळी घरात भरपूर उजेड ठेवा आणि सकाळी सहापर्यंत खोली काळोखी. पाचला उठल्यावर दूध आणि कार्टून मिळालं तर ती वेळ पक्की झालीच म्हणून समजा. रात्री दोन तास उशिरा झोपवून सकाळ पुढे जाईल हा हिशेब बहुधा उलटतो, फार दमलेलं मूल आणखी लवकर उठतं. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाची झोप धरून 11 ते 14 तास लागतात, तीन ते पाच वर्षांच्याला 10 ते 13. शनिवार-रविवारचे दोन वाढदिवस आणि एक पोहण्याचा वर्ग यांत हे तास बसत नसतील, तर एका वाढदिवसाला नाही म्हणा. आमचं मत विचाराल तर या वयात पोहण्याचा वर्गही वसंतापर्यंत थांबू शकतो.

पाळणाघरातून उवांची सूचना आली आहे. औषध लावायचं की फणी?

आधी बघा, उवा आहेत का. पहिल्यांदा झालेल्या उवांना खाज सुटायला चार ते सहा आठवडेही लागतात, त्यामुळे मुलगा खाजवत नाही यावरून काही ठरत नाही. घरातल्या सगळ्यांची तपासणी एकाच दिवशी, मोठ्यांचीही. एकाला सोडलं की फेरा पुन्हा सुरू.

केस धुऊन भरपूर कंडिशनर लावा, तो न धुता साध्या कंगव्याने गुंता सोडवा. मग बारीक दातांची उवांची फणी डोक्याच्या कातडीला टेकवून टोकापर्यंत ओढा आणि दर वेळी पांढऱ्या कागदावर पुसा. लांब केसांना अर्धा तास लागतो. जिवंत ऊ दिसली तर हेच पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी करा, आणि सतराव्या दिवशी पुन्हा तपासा. मधले दिवस चुकवायचे नाहीत, कारण लिखा सात ते दहा दिवसांत फुटतात आणि त्यातून निघालेली पिल्लं अंडी घालण्याआधीच काढायची असतात. औषध लावलंत तरी बहुतेक औषधांचा दुसरा हात सात ते दहा दिवसांनी लागतोच. तो विसरणं हे उवा परत येण्याचं नेहमीचं कारण. कातडीपासून एक सेंटिमीटरहून लांब असलेली पांढरी लीख बहुधा रिकामी असते, तिच्यासाठी पुन्हा औषध नको. रॉकेल तर अजिबात नको.

सगळं घर धूत बसू नका. डोक्यापासून सुटलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते, म्हणून उशीचे अभ्रे, टोप्या आणि फण्या गरम पाण्यात काढल्या की पुरे. मुलाला घरी ठेवण्याचीही गरज नाही. पण पाळणाघराला त्याच दिवशी कळवा.